दिवाणजींचा फिल्टर

शस्त्रक्रियागृहाच्या पाठीमागे प्रत्येक रुग्णालयात एक चिंचोळी खोली असते. रुग्णाला ती दिसत नाही, त्याच्या नातलगांना तिचा पत्ता ठाऊक नसतो, आणि शस्त्रवैद्यही तिच्यात सहसा डोकावत नाहीत. तरीही त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या पेट्यांवाचून कोणाला सुरीही उचलता येत नाही. कात्र्या, चिमटे, कापडाच्या घड्या, सारे काही तिथे वाफेच्या प्रचंड दाबाखाली तावून सुलाखून निघते. अशा एका खोलीचे आधिपत्य ज्या बाईंकडे आयुष्यभर होते, त्यांना ते सगळे रुग्णालय वाफमावशी म्हणत असे.

प्रत्येक पेटीवर एक चिकटपट्टी लावलेली असे. पुरेशी वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेषा उमटत. त्या रेषा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मावशींनी कधी पेटी हातावेगळी केली नाही. एकदा एक मोठे शस्त्रवैद्य घाईने खोलीत आले आणि पेटी मागू लागले. मावशी उठल्याही नाहीत. “डॉक्टर, तुमचा हात सोन्याचा आहे,” त्या म्हणाल्या, “पण माझी पट्टी अजून कोरी आहे.” डॉक्टर मुकाट्याने बाहेर जाऊन उभे राहिले.

अशा व्रतस्थ वृत्तीने केलेले काम हळूहळू मनुष्याचा स्वभाव होऊन बसते. मावशींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, उकळलेल्या आणि न उकळलेल्या. निवृत्तीनंतर रुग्णालय सुटले. वाफ सुटली नाही. स्वयंपाकघरातले फडके, पाण्याचे पेले, नखे कापायची कात्री, सगळ्यांना आठवड्याला मोठ्या पातेल्यात अवभृथस्नान घडे. त्यांचे यजमान हे पाहून पाहुण्यांना सांगत, “हिनं न उकळता घरात ठेवलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे मी.”

“तुम्हाला पातेलं पुरत नाही म्हणून,” मावशी आतून म्हणत.

यजमान ध्वनिमुद्रक होते. काचेच्या बंद खोलीत कानांवर यंत्र चढवून त्यांनी इतरांचे आवाज टिपण्यात हयात घालवली होती. त्यामुळे मावशींचे जसे डोळे, तसे यांचे कान. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत कुठला नळ ठिबकतो आहे, हे ते अंथरुणातूनच सांगत.

या घरात एक दिवस वन्सं राहायला आल्या. वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. त्यांनी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. पती निवर्तलेले, मुलगा जहाजावर, आणि त्यात डोळ्यांवर पडदा चढत चाललेला. एकटीने राहणे अवघड झाले, तेव्हा भावाने आग्रह करून त्यांना आणले. नणंद-भावजयींत कधी भांडण झाले नव्हते. भांडण व्हायला जी जवळीक लागते, तीच नव्हती. दोघी इतक्या आदराने बोलत की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा.

वन्संनी बरोबर फारसे सामान आणले नाही. काचेची एक रुंद टाकी मात्र आणली, आणि पाण्याच्या झाकणबंद बादलीतून एक गोल्डफिश. मासा चांगला वयस्क होता. पोट सुटलेले, कल्ले भारदस्त, आणि टाकीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून सावकाश हिंडत प्रत्येक खड्याची चौकशी करण्याची सवय. त्यामुळे त्याला दिवाणजी म्हणत. वन्संना आता माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. पण समोरच्या धुक्यातून एक नारिंगी ठिपका इकडून तिकडे सरकतो आहे, एवढे त्यांना दिसे. त्या तासन्‌तास टाकीपुढे बसत.

काही दिवसांतच मुलगा रजेवर आला आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आईला आपल्या गावी घेऊन जायला निघाला. निघताना वन्सं दारात थांबल्या.

“वहिनी, त्याचा जुना फिल्टर सामान हलवताना फुटला. नवा तुम्हीच निवडून आणा. स्वच्छतेतलं तुमच्याइतकं कोणाला कळतंय?”

हे कौतुक होते की टोमणा, ते मावशींना कळले नाही. त्या सावधपणे म्हणाल्या, “तुम्ही निर्धास्त जा वन्सं. आणि परत आलात की आपलं नेहमीसाठी—”

“माझं बघू हो. त्याला तुमच्याकडचं पाणी मानवलं, तर मीही राहीन म्हणते. नाहीतर त्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी आहे. त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलीय.”

“वा!” यजमान म्हणाले. “म्हणजे बहिणीनं भावाकडे राहायचं की नाही, ते आता मासा ठरवणार.”

“माणसं तोंडावर गोड बोलतात रे दादा. मासा बोलत नाही,” वन्सं म्हणाल्या, आणि मुलाच्या हाताला धरून जिना उतरल्या.

दार लावल्यावर मावशी टाकीजवळ गेल्या. एका मत्स्यजीवाच्या कल्ल्यांवर आपल्या घराची परीक्षा टांगली गेली आहे, ही गोष्ट त्यांना चांगली उमगली होती. वन्सं उद्या वृद्धनिवासात गेल्या असत्या तर कोणी मावशींना शब्दाने बोलले नसते. तेच त्यांना सोसवले नसते.

दुसऱ्या दिवशी पतिपत्नी माशांच्या दुकानात गेली. अरुंद, दमट दुकान. दोन्ही भिंतींना टाक्या. छतापासून लोंबणाऱ्या नळ्या. दुकानदार बोलका होता. त्याने फिल्टरांचे सगळे गोत्र उलगडून दाखवले. एक टाकीच्या आत काचेला चिकटणारा, मोटारीचा. एक काठावर लटकून धबधब्यासारखे पाणी सोडणारा. एक डबा, टाकीखाली कपाटात ठेवायचा आणि दोन नळ्यांनी जोडायचा. आणि एक अगदीच गरीब दिसणारा, म्हणजे काळ्या स्पंजाचा लठ्ठ गोळा, ज्याच्या पोटातून हवेचे बुडबुडे सोडले की पाणी आपोआप स्पंजातून खेचले जाते.

मावशींचा प्रत्येकाला एकच प्रश्न होता. “यातून जंतू जातात का?”

“जंतू?” दुकानदाराने डोके खाजवले. “मावशी, फिल्टर घेताना लोक टाकी केवढी, मासा कोणता, ते सांगतात.”

“ते सांगते नंतर. आधी जंतूंचं बोला.”

अखेर त्याने आतल्या कप्प्यातून एक यंत्र काढले. जोरकस मोटार, एक स्पंज, बारीक पांढऱ्या लोकरीचे थर, आणि आत जंतू मारणारा निळा दिवा. निळा दिवा पाहताच मावशींचा चेहरा उजळला. तसाच दिवा शस्त्रक्रियागृहातही होता. परक्या गावात अचानक माहेरचे कोणी भेटावे, तसे त्यांना झाले.

यजमान तोवर प्रत्येक चालू फिल्टराला कान लावून हिंडत होते. एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे टक लावून पाहू लागले. “हा नको,” यजमान निळ्या दिव्याच्या यंत्राशी येऊन म्हणाले. “घुंगाट बघ कसला! ना धड सा, ना धड रे. रात्रभर मधेच अडकून बसेल.”

“फिल्टर आपण गायला नेत नाही आहोत,” मावशी म्हणाल्या.

यंत्र बांधून देताना दुकानदाराने सांगितले, “आतला स्पंज फार धुऊ नका हं. कधीमधी टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, बस्स.” मावशींनी मान हलवली. घाणेरड्या पाण्यात पिळायचा म्हणे! मनुष्य चांगला आहे, पण आळशी दिसतो, असे त्यांनी मनात ठरवले, आणि ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या न्यायाने त्या घरी परतल्या.

त्या दिवसापासून एक नवा नित्यविधी सुरू झाला. सकाळी उठून मावशी यंत्र बंद करीत, स्पंज आणि लोकर बाहेर काढीत, नळाखाली खळाळून धूत आणि पातेल्यात उकळत. टाकीतले पाणीही त्या वरचेवर बदलीत, थेट नळाचे, जंतुनाशक औषध मारलेले, वासावरूनच विश्वास बसावा असे. चार-आठ दिवसांत पाणी असे नितळ झाले की टाकीत पाणी आहे की नाही ते बोट बुडवून पाहावे लागे. शेजारीण येऊन म्हणाली, “अगंबाई, मासा हवेत तरंगतोय की काय!”

पण दिवाणजी तरंगत नव्हते. मोटारीचा झोत त्यांच्या वयाला आणि पोटाला पेलत नव्हता. ते दूरच्या कोपऱ्यात अंग चोरून राहू लागले. मग खड्यांची चौकशी थांबली. मग पंख अंगाशी मिटले. मग ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, आणि शेपटीत रक्ताच्या बारीक रेघा दिसू लागल्या.

मावशींनी टाकीसमोर स्टूल मांडले. जीव मलूल होतो तो मळाने, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पडताळले होते. इथे मळाचा लवलेशही नाही, आणि जीव मात्र कासावीस. भीतीपेक्षाही हा विरोध त्यांना अधिक छळू लागला. एखादी पट्टी वाफेतून कोरीच बाहेर यावी आणि कारण सापडू नये, तसे.

“आवाजानं होत असेल,” यजमान म्हणाले.

“माशाला कान असतात?”

यजमान विचारात पडले. त्यांनी टाकीखालच्या टेबलावर कान टेकला. “मला इथून सगळं ऐकू येतंय. त्याला तर पाण्यातूनच येणार. पण बाहेरून कान दिसत नाहीत बुवा.”

“मग आत असतील.” मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दोन वृद्ध जीव काचेला नाक लावून तिसऱ्या वृद्धाचे कान शोधत बसले. सापडले नाहीत.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. “दिवाणजी कसे आहेत?”

“पाणी अगदी काचेसारखं आहे वन्सं,” मावशी म्हणाल्या.

“पाण्याचं नाही विचारलं वहिनी.”

“बरे आहेत,” मावशी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी स्पंज पुन्हा उकळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केले, ते त्यांच्यावाचून जगात कोणी केले नसते. उकळलेल्या स्पंजावरून त्यांनी कापसाची निर्जंतुक काडी फिरवली, ती नळीत बंद केली, आणि जुन्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. जंतुशास्त्राच्या डॉक्टरीणबाई मावशींच्या डोळ्यांदेखत शिकाऊ म्हणून आल्या होत्या. आता त्यांचेही केस पिकू लागले होते.

“मावशी! निवृत्त झालात तरी नमुना घेऊन येताच? कुणाचं ऑपरेशन?”

“ऑपरेशन नाही बाई. माशाच्या गाळणीचा आहे. कुठून तरी जंतू शिरतायत. मला फक्त कुठून ते सांग.”

डॉक्टरीणबाई हसल्या, पण नमुना त्यांनी रीतसर लावला. दोन दिवसांनी मावशी गेल्या, तेव्हा त्यांनी काचेची चपटी बशी उजेडात धरून दाखवली. तिच्यातला पोषक थर अगदी कोरा होता. कुठे एक ठिपका नव्हता.

“काहीही उगवलं नाही. तुमचं काम आहे ते, दुसरं काय होणार?”

मावशींचा चेहरा सवयीने फुलला आणि तसाच थबकला. “मग मासा का मरतोय?”

डॉक्टरीणबाईंनी बशी खाली ठेवली. “तो स्पंज तुम्ही उकळता?”

“रोज सकाळी.”

“रोज?”

“रविवारी दोनदा.”

डॉक्टरीणबाईंना हसू आले होते, पण मावशींच्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते आवरले आणि खुर्ची पुढे ओढली. “बसा. मासा खातो कुठे?”

“पाण्यात.”

“आणि बाकीचं सगळं?”

“तेही तिथंच. म्हणून तर मी धुते.”

“जे दिसतं ते तुम्ही धुता. पण कल्ल्यांवाटे तो अमोनिया टाकत असतो. तो पाण्यात विरघळून जातो. साखर विरघळली, की ती फडक्यानं गाळून निघते का?”

“नाही.”

“मग नदीत, तळ्यात हा अमोनिया जातो कुठे?”

मावशींनी विचार केला. त्यांना उत्तर ठाऊक नव्हते, आणि आपल्याला ते हवे आहे याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले. “कुठे जातो?”

“जंतू खातात. एका जातीचे तो खातात, त्यांचं उरलेलं दुसऱ्या जातीचे खातात, आणि शेवटी जे उरतं त्याचा माशाला फारसा त्रास नाही. ते पाणी बदलताना निघून जातं. फक्त या जंतूंना बूड टेकायला जागा लागते. टाकीत ती जागा म्हणजे तुमचा स्पंज. या बशीत ते उगवतही नाहीत, फार सावकाश वाढणारी जात आहे. पण तुमच्या पातेल्यातून वाचणार कोण?”

“म्हणजे त्यांचा जरा जम बसायला लागला, की मी—”

“रोज. नियमानं. आणि नळाच्या पाण्यातलं औषध वर. ते माशाच्या कल्ल्यांनाही झोंबतं.”

मावशींनी ती कोरी बशी पुन्हा उचलून उजेडात धरली. मग त्यांनी विचारले, “बाई, जंतू दिसतो कसा? जन्मभर मारले, पण जिवंत एकही पाहिला नाही.”

खोलीच्या कोपऱ्यात फुलदाणी होती, आणि तिच्यातले पाणी कोणी बदललेले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मावशींनी एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात कसले तरी बारके दंड थरथरू लागले, काही सरळ जात, काही गिरक्या घेत, एकमेकांना टाळत. मधूनच एक मोठा पारदर्शक जीव चपळाईने येऊन त्यांच्यातून वाट काढी. मावशी श्वास रोखून पाहत राहिल्या. पाण्याच्या एका थेंबात ब्रह्मांडाएवढी गर्दी नांदते आहे, आणि तिला आपल्या वाफेची वार्ताही नाही! आयुष्यभर ज्यांना त्यांनी फक्त एक अनुपस्थिती म्हणून ओळखले होते, ते आज समोर हिंडत होते.

“कामात दिसतायत सगळे,” त्या हलकेच म्हणाल्या.

“शस्त्रक्रियागृहात ते नकोतच मावशी. तुम्ही तिथे केलंत ते बरोबरच होतं. पण टाकी म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे.”

“मग फिल्टर कुठला घेऊ?”

“ते मला नाही बाई माहीत. माझं घोडं जंतूंपाशीच थांबतं.”

त्या दुपारी मावशी दुकानात गेल्या, त्या वेगळे प्रश्न घेऊन. मागच्या खेपेला हा फिल्टर पाण्यातून काढून काय टाकतो, एवढेच त्यांनी विचारले होते. आता त्यांना विचारायचे होते की याच्यात राहायला जागा किती आहे. बरोबर त्यांनी टाकीतले पाणी बाटलीत आणले होते. दुकानदाराने काचेच्या नळीत ते घेऊन वर अमोनिया दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते पाणी गडद हिरवे झाले.

“बापरे!” दुकानदार म्हणाला. “मावशी, स्पंज धुतलात काय?”

“उकळला.”

दुकानदाराने नळी फडताळात ठेवली आणि फिल्टरांची खोकी खाली काढली.

मग दोघांनी एकेक फिल्टर पुन्हा समोर घेतला. काठावरचा धबधबा दिवाणजींना सोसला असता, पण त्याच्यातली गाळणीची घडी महिन्यागणिक टाकून नवी घालायची, म्हणजे दर महिन्याला गाव उठवायचे. कपाटातला डबा उत्तम. आत प्रशस्त जागा. पण त्याच्या नळ्या जोडायच्या, डबा वाकून उचलायचा, आणि घरातली तिन्ही माणसे गुडघ्यांनी अधू. शिवाय टाकीखाली कपाटच नव्हते. मावशींनी अखेर त्या काळ्या, ओबडधोबड स्पंजावर बोट ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला हातही लावला नव्हता.

“याच्या भोकाभोकात वस्ती होते?”

“सगळीकडं. आणि झोत नाही. म्हाताऱ्या माशाला बरा. तुमची टाकी रुंद आहे, दोन लावा. एक पिळाल तेव्हा दुसऱ्यातले शाबूत राहतील. पाणी मात्र नेमानं बदलत राहायचं, थोडं थोडं, आणि नळाच्या पाण्यातलं औषध घालवायचे हे थेंब आधी टाकायचे.”

“वस्ती व्हायला किती दिवस?”

“आठवडे लागतात.”

“तेवढा वेळ नाही माझ्याकडे,” मावशी म्हणाल्या. मग त्यांची नजर दुकानातल्या एका जुन्या टाकीवर गेली. आत निरोगी मासे हुंदडत होते आणि कोपऱ्यातला स्पंज शेवाळून तपकिरी झाला होता. त्या थोडा वेळ घुटमळल्या. “त्यातली घाण द्याल थोडी?”

दुकानदाराने मान वळवून पाहिले. “मावशी, या दुकानात लोकांनी उधार मासे मागितले, फुकट खडे मागितले. घाण मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

त्याने तो जुना स्पंज टाकीच्या पाण्यातच पिळला. चहापेक्षा गडद पाणी निघाले. मावशींनी नवे दोन्ही स्पंज त्यात बुडवले, झाकणाच्या डब्यात घातले आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या रस्त्याने निघाल्या. वाफवलेल्या पेट्या त्या जशा नेत, तशाच, कोपर आवळून, कोणाचा धक्का लागू न देता. फक्त आज डब्यात जे होते, ते जिवंत पोचवायचे होते.

स्पंजांत हवा सोडायचा पंप घरी पोचला आणि यजमानांचे कान टवकारले. “हा पण गुणगुणतो.”

“आता तुम्हीच काय ते बघा. मला यातलं कळत नाही,” मावशी म्हणाल्या.

संसारात हे वाक्य यजमानांनी फारदा ऐकले नव्हते. ते लगेच कामाला लागले. पंप त्यांनी टेबलावर ठेवून ऐकला, भिंतीला टेकवून ऐकला, हातात धरून ऐकला. हातात धरला की आवाज जवळजवळ नाहीसा होई. “पंप बोलतच नाही गं, टेबल बोलतं!” ते विजयी मुद्रेने म्हणाले. मग भिंतीतल्या जुन्या खिळ्याला दोरी बांधून त्यांनी पंप हवेत टांगला, पाण्याच्या पातळीहून वर, म्हणजे वीज गेली तरी नळीतून पाणी उलट चढू नये. मोटारीचे यंत्र निळ्या दिव्यासकट खोक्यात गेले. उरली ती बुडबुड्यांची बारीक बुडबूड. “ही चालेल,” ते म्हणाले. “हिला ताल नाही, पण हट्टही नाही.”

त्यानंतरचे दिवस मावशींना सर्वांत कठीण गेले. काही करायचे असते तर त्यांनी रात्रीचा दिवस केला असता. पण इथे करायचे होते ते काहीच न करणे. थोडे पाणी बदलायचे आणि बाकी हात बांधून बसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. मावशींनी पातेले शेगडीवर चढवले. यजमानांनी येऊन शेगडी बंद केली. “अगं, त्या डॉक्टरीणबाईंना आधी विचार तरी.”

मावशींनी फोन केला. “राहू द्या मावशी,” उत्तर आले. “नवी वस्ती आहे, गोंधळ व्हायचाच.” मावशी पातेल्यातले पाणी मोरीत ओतून आल्या.

दुकानातल्या त्या तपासणीच्या थेंबांची कुपी आता घरीच होती. रोज नळीतला हिरवा रंग किंचित फिका होई. मावशींना त्याचे वेड लागले. रंग फिका होतो म्हणजे कोणी तरी ते खाते आहे. कोण, किती, कुठल्या भोकात बसून? स्टुलावर बसून त्या स्पंजाकडे पाहत. काळा रंग जाऊन त्याच्यावर तपकिरी साय धरू लागली होती. पूर्वी ती पाहून त्यांच्या अंगावर काटा आला असता. आता ती जाड झाली की त्या यजमानांना हाक मारून दाखवीत. ज्या सकाळी पाणी पुन्हा निवळले आणि नळी पिवळीची पिवळी राहिली, त्या सकाळी दिवाणजींनी पंख उघडले आणि एक खडा तोंडात घेऊन, तपासून, खाली ठेवला. शेपटीचा एक तुकडा मात्र झडला होता. तो परत आला नाही.

वन्सं आल्या त्या दोन्ही डोळ्यांनी पाहत. जिन्यात त्यांनी मुलाचा हात धरला नाही. आल्या आल्या त्यांनी भावाचा चेहरा न्याहाळला. “दादा, किती म्हातारा झालास रे! कोणी सांगितलं नाही मला.”

“तू विचारलं नाहीस,” यजमान म्हणाले.

मग त्या टाकीपुढे उभ्या राहिल्या. मावशी मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. धुक्यात दिसणाऱ्या नारिंगी ठिपक्याला आता खवले होते, डोळे होते, आणि तुटकी शेपटीही होती. वन्संना ती दिसली. दुसरे म्हणजे, ते दोन मळकट, तपकिरी बोळे दिसले.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “हे किती मळलंय!”

यजमान घाईने पुढे झाले. “अगं, ते काय झालं—”

“तुम्ही थांबा,” मावशी म्हणाल्या. त्या पुढे आल्या. “वन्सं, शेपटी माझ्यामुळे गेली. मी फार धुतलं. दिवाणजी मरायला टेकले होते, आणि फोनवर मी तुम्हाला ते सांगितलं नाही. हे मळलेलं आहे, म्हणून आता ते जगतायत.”

वन्संनी भावजयीकडे पाहिले. बरीच वर्षे धुक्यात पाहिलेला चेहरा त्यांनी आज नीट पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एखाद्या अनोळखी प्रदेशाचा नकाशा पाहावा तसा. “मळलंय म्हणून जगतायत? ते कसं?”

मावशी सांगू लागल्या. अमोनिया, कल्ले, एका जातीचे जंतू, दुसऱ्या जातीचे, बूड टेकायची जागा. वन्सं प्रत्येक वाक्याला अडवीत होत्या, कारण त्या शिक्षिका होत्या. मग नदीच्या तळाशी असेच असते का? मग पूर आला की त्या जंतूंचे काय होते? मावशींना निम्मी उत्तरे येत नव्हती, आणि येत नसल्याचे त्या सांगत होत्या. मुलगा चहा ठेवून गेला. कपांवर साय धरली. यजमान कान देऊन बसले होते. या दोघींचा असा आवाज त्यांनी पूर्वी कधी टिपला नव्हता, दोन्हीकडून एकदमच उठणारा, एकमेकीला कापणारा.

“एक विचारू वन्सं?” मावशी शेवटी म्हणाल्या. “जाताना म्हणालात ना, स्वच्छतेतलं तुमच्याइतकं कोणाला कळतंय. तो टोमणा होता का?”

वन्सं विचारात पडल्या. “थोडा होता,” त्या म्हणाल्या. “पण फिल्टर खरंच तुम्हीच आणावा असं वाटलं होतं.”

मग त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, बाहेर सूर्य कुठे आहे ते पाहिले, आणि पुन्हा टाकीकडे वळल्या.

“ही टाकी इथं चुकीची आहे वहिनी. हिवाळ्यात ऊन तिरपं होईल, ते थेट या काचेवर पडेल. शेवाळ माजेल नुसतं. ती पलीकडच्या भिंतीला हवी.”

“पलीकडे माझं कपाट आहे,” मावशी म्हणाल्या.

“कपाट इकडे आणा. कपाटाला ऊन लागलं तर काय होतंय?”

“आत माझे कपडे असतात वन्सं! विटतील.”

“पडदा लावा. दादा, ऊठ. आधी निम्मं पाणी काढावं लागेल. वहिनी, ते बोळे त्याच पाण्यात बुडवून ठेवा, वाळायला नकोत ना?”

“वाळायला नकोत,” मावशी म्हणाल्या. हिवाळा अजून बराच लांब होता. त्या बादली आणायला आत गेल्या, आणि आतूनच ओरडल्या, “पण कपाट मी खिडकीशी ठेवू देणार नाही, आधीच सांगते!”